करंजाला अडकवलेली तार

गुरांच्या डॉक्टरणीला असली दांडगी गाडी कशाला लागते, हा प्रश्न कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीला बरीच वर्षं पडलेला होता. गल्लीच्या तोंडाशी ती वळवताना मला दरवेळी मागंपुढं करावं लागायचं आणि तेवढ्या वेळात कुणी ना कुणी कट्ट्यावरून बोलायचंच. पण माझं निम्मं काम डोंगरात. राधानगरीच्या वर धनगरवाड्यांकडं जाणाऱ्या वाटा म्हणजे उन्हाळ्यात नुसता दगड आणि पावसाळ्यात लाल लोणी. म्हैस अडली असा फोन आला की औषधांची पेटी, सलाईन, रेडकू ओढायच्या दोऱ्या, सगळं घेऊन वर पोचावं लागतं. म्हणून ही जुनी फोर बाय फोर घेतलेली. चारी चाकांना जोर असल्यावर गाडी कुठंही जाते, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. ते खरंच होतं. पण चारी चाकं एकदम चिखलात बसली की तोच जोर खड्डा खोल करायला लागतो, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

एका श्रावणात आम्ही तसे बसलो. रविवार होता म्हणून नवरा बरोबर होता. तो वारणानगरच्या बाजूला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी माझा ड्रायव्हर होतो. डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, सड्यावर, धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. दगड टाकले, फांद्या टाकल्या, दोघांनी मिळून ढकललं. शेवटी वाड्यावरची माणसं आम्हाला शोधत आली आणि त्यांनी कासऱ्यांनी ओढून गाडी काढली. पण ज्या म्हशीसाठी आम्ही निघालो होतो, ती तोवर गेली होती. तिचा धनी मला एक शब्दही उणा बोलला नाही. चहा मात्र दिला. तो चहा पितानाच मी नवऱ्याला म्हटलं, "आपण विंच बसवून घेऊ."

विंच म्हणजे गाडीच्या नाकावर बसवायचं एक रहाटासारखं यंत्र. ड्रमवर तार गुंडाळलेली असते. ती तार समोरच्या झाडाला अडकवायची, बटण दाबायचं, की ड्रम फिरतो आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं शिवाजी पेठेतल्या आमच्या मेस्त्रींनी सांगितलं. ते गाडीच्या पुढं उकिडवे बसून बंपर ठोकून बघत होते.

"बॅटरीवर चालणाराच घ्या मॅडम. इंजनावरचा ह्या गाडीला बसायचा न्हाई. आणि नुसत्या गाडीच्या वजनावर जाऊ नका. गाडी भरल्यावर किती हुती, त्याच्या दीडपट ओढणारा बघा. चिखल गाडीला धरून ठेवतोय, त्येचं वजन येगळं."

"आणि तार का दोर?" नवऱ्यानं विचारलं. त्यानं इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं. पोलादी तारेऐवजी आता नायलॉनसारखा जाड दोरही मिळतो.

"तारच घ्या. दोरबिर शहरातल्या लोकांची हौस."

नवऱ्यालाही तेच पटलं होतं. सड्यावरचा जांभा दगड करवतीसारखा. त्याच्यावर दोर घासला तर संपलाच. मला दोन्हीतलं काहीच कळत नव्हतं.

मेस्त्री हात पुसत उठले. "नवाच पायजे असं काय हाय? वारणेच्या काठाला एका घरी जीप हाय. तिचा विंच एक नंबर. घरातली बाई इकतो म्हणतीया. जाऊन बघून या एकदा."

"मग तुम्हीच का नाही काढून आणला?"

"गेलतो मी. न्हाई काढला." एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडं वळले.

आम्ही गेलो तेव्हा पावसाळा सरून ऊसतोड सुरू झाली होती. घर गावापासून बाजूला, नदीच्या वरच्या अंगाला, ऊस आणि काठ यांच्या मधे. एक तिशीची बाई रस्त्यापर्यंत पुढं आली. ती जवळच्याच एका डेअरीत कामाला होती. त्या दिवशी आमच्यासाठी रजा काढून थांबली होती. गाडीचं दार उघडायच्या आतच तिनं खिडकीशी वाकून हळू आवाजात सांगितलं, "आत्तींना काय बोलू नगा. विंच बघायला आलायसा म्हणू नगा. तुमी डॉक्टर हायसा न्हवं? म्हस बघायला आलायसा म्हणा."

आत्ती म्हणजे तिची सासू.

म्हैस खरोखरच होती, म्हणून खोटं बोलावं लागलं नाही. मी ती तपासली, सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या, आणि मग सून आम्हाला घराच्या मागं घेऊन गेली. जाता जाता तिनं सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वीच्या महापुरात पाणी चढायला लागलं, तेव्हा तिचा नवरा दोन दिवस जीप घेऊन लोकांच्या गाड्या ओढत फिरत होता. शेवटी घराच्या मागंच, उतारावर, त्यानं जीप थांबवली. गाडी वाहून जाऊ नये म्हणून विंचची तार वरच्या करंजाच्या झाडाला अडकवली. खाली शेजाऱ्यांचा गोठा होता आणि म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या.

"म्हशी सोडतो आणि आलो, म्हणून गेला. मी हितनंच बघत हुतो." आमच्याकडं बायकाही हुतो, गेलो म्हणतात. "म्हशी सगळ्या सुटल्या. पार खालच्या गावाला पवत जाऊन लागल्या, एक सुदीक मेली न्हाई. त्यो काय आला न्हाई."

"आणि... सापडले?"

तिनं मान हलवली. नाही.

पाणी उतरलं तेव्हा जीप तिथंच होती, तारेला टांगल्यासारखी. सासूबाईंनी ती कुणाला हलवू दिली नव्हती.

मी पुष्कळ जुन्या, पडून असलेल्या गाड्या बघितल्या आहेत. त्यांच्यात कोंबड्या अंडी घालतात, मुलं खेळतात, वेल चढतात. या जीपवर काहीच नव्हतं. भोवती हरळी गुडघ्याएवढी आणि मधे ती, तोंड वर घराकडं आणि शेपूट खाली नदीकडं. टायरांतली हवा गेलेली. नाकातून तार निघून कमरेएवढ्या उंचीवरून सरळ त्या करंजापर्यंत गेलेली. झाड वाढलं होतं आणि तारेचा वेढा सालीत इतका रुतला होता की बुंध्याभोवती ओठ मिटल्यासारखी खाच पडली होती. इतकी वर्षं उभ्या गाडीची तार सैल पडायला हवी, झोळ यायला हवा. ती रेषेसारखी ताठ होती.

घरातलं कुत्रं आमच्या मागं मागं आलं होतं. तारेपाशी आल्यावर ते थांबलं. खालून जायला भरपूर जागा होती, पण ते झाडाला लांबून वळसा घालून पलीकडं गेलं.

"असंच करतंय ते," सून म्हणाली.

नवरा खाली बसून विंच बघत होता. चांगला होता, यात शंका नाही. ड्रमला गंज होता, पण मोटारीचं झाकण शाबूत, पाणी न शिरणारं. तो काहीतरी पुटपुटत होता, एवढ्यात त्याचं लक्ष मागच्या चाकाकडं गेलं. चाकाच्या शेजारी जमिनीत दगड रोवलेले होते, एकापुढं एक, ओळीनं. पहिला आता पार पुढच्या चाकाच्या जवळ आला होता.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"दरसाली एक लावतो," मागून आवाज आला. "कळाय पायजे की किती गेला त्यो."

सासूबाई कधी आल्या ते कुणालाच कळलं नव्हतं. बारीक, उंच बाई, नऊवारी, अनवाणी. सुनेकडं त्यांनी बघितलंही नाही. "नदी ओढतीया त्येला," त्या म्हणाल्या. सहज, एखादं जनावर चारा खात नाही असं सांगावं तसं. "लेकाला नेलं, आता गाडी पायजे तिला. रोज जरा जरा ओढतीया. तार हाय म्हणून ऱ्हायलाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हात लावून बघा की."

मी हात लावला. नको असं वाटत होतं, पण त्या बाईपुढं मागं सरकता आलं नाही.

आधी नुसता गार लोखंडाचा स्पर्श. मग आवाज आला, कानाला नव्हे, तळव्याला. तार गुणगुणत होती. वारा नव्हता. समोर उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. करंजाच्या पानांवरून धूळ गळत नव्हती. आणि तार आतून बारीक, सलग घुमत होती.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेडकू आडवं आलं की त्याच्या पुढच्या पायांना आम्ही दोऱ्या बांधतो. आत ते जिवंत आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नसतं. तेव्हा दोरी हातात धरून जरा ताण द्यायचा आणि थांबायचं. जिवंत असेल तर ते पाय मागं ओढून घेतं. फार हलकं असतं ते ओढणं, पण एकदा हाताला कळलं की आयुष्यभर विसरत नाही. इतकी वर्षं मी त्या एका झटक्याची वाट बघत कितीतरी गोठ्यांत गुडघ्यांवर बसले आहे.

मी तारेवर हाताचा भार जरा टाकला. तारेनं तो मागं ओढून घेतला.

मी हात काढला. सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्या वळल्या आणि घराकडं चालू लागल्या.

परतताना नवरा म्हणाला, "विंचमधला ब्रेक थोडा वेळ भार धरायला असतो, वर्षानुवर्षं नव्हे. तो सूतसूत घसरतोय. उतारावर गाडी आहे, घसरली की मागं जाणार. त्यात नदीबिदी काही नाही."

"आणि तार वाजत होती ती?"

"ताणलेली तार वाजतेच. लांब कुठंतरी ऊस वाहणारे ट्रॅक्टर चालू असतील, त्यांचा हादरा जमिनीतून येतो."

तो म्हणाला ते सगळं बरोबर होतं. ते ओढणं मी त्याला सांगितलं नाही.

तो विंच आम्ही घेतला नाही. मेस्त्रींना तसं सांगितलं तर त्यांनी "बरं," एवढंच म्हटलं आणि विषय नव्याकडं नेला. नवा निवडताना नवऱ्यानं आणि त्यांनी मिळून सगळं पाहिलं: ताकद, मोटार, बॅटरीला झेपेल का, बंपरच्या मागं लोखंडाची बैठक कशी करायची. एका गोष्टीत मात्र मी आडवी आले. तार नको, दोर हवा.

"जांभ्यावर टिकायचा नाही," नवरा म्हणाला.

"घासेल तिथं खाली गोणपाट घालू. दोर हलका आहे, मला एकटीला उचलता येतो. आणि तुटला तर निदान अंगावर येत नाही. तार तुटली तर चाबकासारखी फिरते, हे तूच वाचून दाखवलंस."

ही कारणं खरी होती आणि मी ती नीट पाठ केली होती. त्यांच्या मागचं कारण एवढंच की दोर वाजत नाही. दुकानात मी तो ताणून, हातावर घेऊन बघितला होता. तो मुका होता. मला मुकी वस्तू हवी होती.

विंच बसला. उन्हाळ्याच्या शेवटी सड्यावर मुद्दाम एका ओहोळात गाडी घालून बघितली; बटण दाबलं आणि ती निमूट वर आली. मला फार बरं वाटलं. त्या नदीकाठच्या जीपचा विचार मी करत नव्हते. निदान करत नाही असं म्हणत होते.

पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेला पाणी आलं, मग वारणेलाही. सकाळीच त्या सुनेचा फोन आला. तिच्या आवाजामागं पाऊस ऐकू येत होता.

"मॅडम, घर सोडा म्हणून सांगून गेल्यात. समद्यांची सोय शाळंत केलीया. म्हस मी कवाच नेली. पर आत्ती येईनात. जीपमदी जाऊन बसल्यात."

"कुणाला तरी बोलवा, उचलून आणा त्यांना."

"कुणाला हात लावू देईनात. ब्रेकवर पाय दाबून बसल्यात. पाय काढला की जाईल म्हणतात. तुमच्या गाडीला आता विंच हाय म्हणं, मेस्त्रींनी सांगितलं. तुमी ती जीप वर घ्या. जीप आली तर त्या येतील."

आम्ही निघालो. रस्ता अजून उघडा होता. घरापाशी पोचलो तेव्हा नदी ओळखू येत नव्हती. खालचा गोठा, शेवऱ्यांचं कुंपण, ती हरळी, सगळं तांबड्या पाण्याखाली गेलं होतं आणि पाणी जीपच्या मागच्या चाकांना लागलं होतं. ते वेगानं वाहत नव्हतं. जागच्या जागी फुगत होतं, गुपचूप.

सासूबाई चालकाच्या जागेवर ताठ बसल्या होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, उजवा पाय ब्रेकवर. उभ्या आयुष्यात त्यांनी गाडी चालवली नव्हती.

"मावशी, उतरा," मी म्हणाले. "आम्ही गाडी वर काढतो. तुम्ही घरात थांबा."

"मी हितंच बसतो. तुमी वडा."

ताणलेल्या तारेपाशी, पाण्याच्या तोंडावर, माणूस आत बसवून गाडी ओढणं हा वेडेपणा होता. नवरा ते मला दोनदा म्हणाला. पण बोलण्यात जाणारा वेळ पाण्याला मिळत होता. मी आमच्या गाडीतली गोणपाटं भिजवून त्या जुन्या तारेवर टाकली, तुटली तर निदान उसळू नये म्हणून. टाकताना हात लागला. ती आता घुमत नव्हती, थरथरत होती.

आमची गाडी वरच्या खडीच्या रस्त्यावर लावली, चाकांखाली दगड दिले. मी दोर हातात घेऊन उतार उतरले आणि जीपच्या पुढच्या कडीत अडकवला. सुनेला लांब, ओसरीवर उभं केलं. नवऱ्यानं बटण दाबलं.

दोर ताणला. आमचा विंच कण्हायला लागला. जीप हलली नाही.

हिशेब साधा होता. जीप वर सरकली की जुनी तार सैल पडायला हवी होती. पण दोन्ही ताठ होती, आमचा दोर आणि ती तार, दोन्ही वरच्या बाजूला, आणि त्या दोघांच्या विरुद्ध मागं काहीतरी होतं. आमची गाडीच दगडांवरून पुढं सरकायला लागली.

"अजून जोर देतो!" नवरा वरून ओरडला.

"थांब!" मी ओरडले. "सोड बटण!"

कळ नसताना ओढायचं नाही. हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं. आईची कळ आली की तिच्याबरोबर ओढायचं, नाहीतर आईही जाते आणि पोरही. मी दोराला हात लावला. मुका म्हणून घेतलेला दोर. त्याच्यातून आवाज आला नाही. पण ते ओढणं आलं. हलकं नव्हतं आता. एकदा ओढून थांबत होतं, पुन्हा ओढत होतं.

मी जीपच्या दाराशी गेले. पाणी माझ्या घोट्याला लागलं, कोमट होतं. "मावशी," मी म्हटलं, "तुमचा पाय ब्रेकवर आहे. ब्रेक दाबून गाडी कशी यायची? पाय उचला."

"उचलला तर जाईल त्यो."

"दोरानं धरलंय आम्ही. नाही जाणार."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून मागच्या काचेतून पाण्याकडं. बराच वेळ त्या तिकडं बघत राहिल्या. आणि मग ओरडून नाही, रागावून नाही, जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "सोड रं आता. म्हशी सुटल्या समद्या. समद्या जित्या हाईत. सोड."

त्यांनी पाय उचलला.

मी हात वर केला, नवऱ्यानं बटण दाबलं, आणि जीप आली. ओढून आली असं म्हणता येत नाही; हलकी, रिकामी डबी सरकावी तशी आली. जुनी तार सैल होऊन गोणपाटांसकट चिखलात पडली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा पडली होती. ओसरीवरून सून तोंडावर हात ठेवून बघत होती.

झाडातून तार सुटणं शक्य नव्हतं, साल तिच्यावरून बंद झाली होती. मग जुन्या विंचचा खटका हातोडीनं ठोकून ड्रम मोकळा केला. झाड ओलांडून जीप वर जाईल तशी तार ड्रमवरून उलगडत खाली राहत गेली आणि शेवटचं टोकही सुटलं. जीप रस्त्यावर आली तेव्हा तिच्या नाकावर नुसता रिकामा ड्रम होता.

सासूबाई स्वतःच उतरल्या आणि आमच्या गाडीत मागं जाऊन बसल्या. सून त्यांचा हात धरून बसली होती. मी आरशात बघितलं तर त्या झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून, दमलेल्या पोरासारख्या.

घराला पाणी लागलं, पण घर राहिलं. पूर उतरल्यावर आम्ही बघायला गेलो. उतारावर वीतभर गाळ बसला होता. करंज तिथंच होता आणि त्याच्या बुंध्यापासून तार निघून सरळ नदीकडं गेली होती. तिचं मोकळं टोक गाळात कुठंतरी खोल गाडलं गेलं होतं. नवऱ्यानं दोन्ही हातांनी ओढून बघितलं. ती हलली नाही. झोळही नव्हता तिला.

"गाळ घट्ट बसलाय," तो म्हणाला. पण पुन्हा ओढली नाही. ती तिथंच राहू द्या, असं सासूबाईंनी सांगितलं, आणि कुणीच वाद घातला नाही.

जीप शिवाजी पेठेत मेस्त्रींकडं आणली. काही दिवसांनी मी माझ्या गाडीच्या कामासाठी गेले, तेव्हा ते तिच्याखाली आडवे होते. बाहेर न येताच म्हणाले, "मॅडम, म्हातारी ब्रेक दाबून बसलीती म्हणं?"

"होय. म्हणूनच गाडी हलत नव्हती."

ते सरकत बाहेर आले. हातात गंजलेल्या नळीचा तुकडा होता, आरपार खाल्लेला. "ह्यो ब्रेकचा पाइप. चारीच्या चारी असंच हाईत. तेलाचा थेंब न्हाई. कैक वर्सं झाली असतील. पाय दाबला काय आणि न दाबला काय, ह्या गाडीला ब्रेकच नव्हता." त्यांनी तो तुकडा माझ्याकडं धरला. मी घेतला नाही. त्यांनीही मग तो भंगाराच्या डब्यात टाकला आणि दोघांसाठी चहा सांगितला. आम्ही तो उभ्यानंच प्यालो आणि पावसाबद्दल बोललो.

नवऱ्याला सांगितल्यावर त्याचं म्हणणं पडलं की मागची चाकं गाळात फसली असणार आणि ती सुटायला आणि सासूबाईंनी पाय उचलायला एकच वेळ आली. असेल. मी त्याच्याशी भांडत नाही. दोघांनीही त्यानंतर तो विषय जेवताना काढलेला नाही.

सुनेनं जीप विकली नाही. डेअरीतल्या एका मैत्रिणीच्या भावाकडून ती गाडी शिकली, आणि हिवाळ्यात एक दिवस जीप घेऊन स्वतःच कोल्हापूरला मेस्त्रींकडं आली; मलाही तिनं तिथं बोलावून घेतलं होतं. शेजारच्या सीटवर सासूबाई होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. रिकाम्या ड्रमवर काय घालायचं हे विचारायला ती आली होती, कारण तिच्या गावात आता पावसाळ्यात कुणाची गाडी अडकली की लोक तिला बोलवायला लागले होते.

मी तिला सगळं सांगितलं. दोर हलका, दोर सुरक्षित, बाईमाणसाला एकटीला उचलता येतो. माझा काढून हातात दिला. तिनं तो दाबून बघितला, दोन्ही हातांत धरून जरासा ताणला, कानाजवळ नेला.

"ह्येचा आवाज येत न्हाई व्हय?"

"नाही."

तिनं सासूबाईंकडं बघितलं. त्या मेस्त्रींच्या दुकानातल्या तारेच्या भेंडोळ्याशी उभ्या होत्या आणि तिच्यावरून हळूहळू हात फिरवत होत्या.

"मग तारच घाला," ती मेस्त्रींना म्हणाली.